पिशवीतले कागद

ज्येष्ठांसाठी चालणाऱ्या एखाद्या मोफत कायदा सल्ला केंद्रात सकाळी अकराच्या सुमाराला गेलात, तर बाकावर बसलेल्या जवळपास प्रत्येकाच्या मांडीवर एक पिशवी दिसेल. कुणाच्या तरी लग्नात आहेर म्हणून मिळालेली कापडी, नाहीतर औषधाच्या दुकानाची प्लास्टिकची. आत पासबुक असतं, रेशनकार्डाची झेरॉक्स असते, मोतीबिंदूच्या ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड, विम्याच्या पावत्या, वीजबिलं, देवस्थानच्या देणगीची पावती, सातबारा, नातवाचा पासपोर्ट साइझ फोटो. आणि या सगळ्याच्या तळाशी, चार घड्या घातलेला, तो एक कागद असतो, ज्यासाठी माणूस दोन एसट्या बदलून आलेला असतो. कधीकधी नेमका तोच नसतो. "तो धाकट्याकडे आहे."

नवा स्वयंसेवक पहिली चूक इथेच करतो. पिशवी हातात घेतो आणि टेबलावर उपडी करतो. बाहेर आणखी सहा जण बसलेले असतात, घाई असते, हेतूही चांगलाच असतो. पण कागद त्यांचे त्यांनाच काढू द्यावेत. कोणता आधी येतो, कोणता अर्धा बाहेर येऊन पुन्हा आत जातो, कुठे हात थांबतो, यावरून अर्धी हकिगत कळते. पाऊण तास जातो. जाऊ द्यावा. हा पाऊण तास वाचवणाऱ्याला पुढे चार तारखा फुकट घालवाव्या लागतात.

बसवण्याचंही शास्त्र आहे. ज्या कानाने नीट ऐकू येतं त्या बाजूला बसावं. उजेड आपल्या तोंडावर हवा, त्यांच्या डोळ्यांवर नको, कारण कमी ऐकू येणारी माणसं नकळत ओठ वाचत असतात. जाड भिंगाचा एक चष्मा टेबलाच्या खणात असू द्यावा. अनेकांचा चष्मा घरी राहिलेला असतो आणि ते कबूल न करता, वाचल्यासारखं करून सही करतात. मुलाखत शक्यतो दुपारच्या जेवणाआधी उरकावी. मधुमेहाच्या रुग्णाला तीन वाजेपर्यंत उपाशी बसवून त्याच्याकडून तारखा काढून घेणं बरं नव्हे, आणि त्या तारखा बरोबरही नसतात.

सोबत कोणीतरी असतंच. मुलगी, पुतण्या, शेजारीण, नाहीतर ज्येष्ठ नागरिक संघाचे चिटणीस. बोलायला तेच सुरुवात करतात आणि छान, मुद्देसूद बोलतात. त्यामुळे मोह होतो त्यांचंच लिहून घेण्याचा. पण अशील कोण, हा या कामातला सगळ्यात जुना आणि सगळ्यात जास्त वेळा विसरला जाणारा प्रश्न आहे. घेऊन येणारी मुलगी अशील नाही, संघाचे चिटणीस अशील नाहीत. खुर्चीत गप्प बसलेले आजोबा अशील आहेत. त्यांच्याशी किमान पंधरा मिनिटं एकट्याने बोलायलाच हवं. सोबत्याला झेरॉक्स काढायला पाठवणं हा त्यावरचा सोपा, कुणालाही न दुखावणारा उपाय.

एकटे असताना "तुम्हाला घरी त्रास होतो का?" असं विचारू नये. उत्तर ठरलेलं असतं: "छे, पोरं चांगली आहेत." त्यापेक्षा तीन साधे प्रश्न विचारावेत. पेन्शन बँकेतून कोण काढून आणतं? एटीएम कार्ड कुणाच्या पाकिटात असतं? रात्री झोपायला कुठे? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर "जिन्याखाली" किंवा "गॅलरीत, पण तिथे वारा चांगला येतो" असं आलं की पुढचं वेगळं विचारायला लागत नाही.

यानंतर एक पान लिहायचं: तारीखवार टिपण. डावीकडे तारीख किंवा निदान वर्ष, मध्ये काय घडलं, उजवीकडे त्याला कागद कोणता. "मुलगा बघत नाही" हे टिपणात बसत नाही. "दिवाळी २०२३ पासून महिन्याचे पैसे बंद, त्याआधी बँकेत येत होते, पासबुकात नोंद आहे" हे बसतं. वर्ष आठवत नसेल तर घरातल्या घटनांना बांधावं: नातीच्या बारशाआधी की नंतर, यजमान गेले त्याआधी की नंतर. सन विसरणाऱ्या बाईला हे बिनचूक आठवतं. टिपणाच्या मागच्या बाजूला महिन्याचा खर्च लिहायचा: औषधं, भाडं किंवा मेंटेनन्स, दूध-किराणा, दवाखान्याची रिक्षा. औषधांची तीन महिन्यांची बिलं जोडायची. बिलं नसतील तर औषधवाल्याकडून छापून आणायची. बहुतेक दुकानांत आता संगणक असतो. त्याखाली सगळ्या मुलांची नावं, पत्ते, नोकरी-धंदा. सगळ्या म्हणजे सगळ्या.

हे "सगळ्या" का, ते सांगायला हवं. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थासाठीचा २००७ चा केंद्रीय कायदा हा या कामाचा कणा आहे. साठ पूर्ण केलेल्या आणि स्वतःच्या कमाईवर किंवा मालमत्तेवर भागत नसलेल्या माणसाला त्याखाली निर्वाह भत्ता मागता येतो. आई-वडील असतील तर साठीची अटही नाही. सज्ञान मुलगा, मुलगी, नातू, नात यांच्याकडून मागता येतो. अपत्य नसेल तर ज्याच्याकडे त्या ज्येष्ठाची मालमत्ता आहे किंवा वारसाने जाणार आहे अशा नातेवाइकाकडून. आता होतं काय, की आजी म्हणतात, "अर्ज फक्त थोरल्यावर करा. मुलगी बिचारी परक्या घरची, धाकटा दारूत." अर्ज तसा जातो. थोरला पहिल्याच तारखेला उभा राहून म्हणतो, आम्ही तिघं भावंडं, बाकीच्यांनाही बोलवा. कायदा त्याला तो हक्क देतो. मग नव्या नोटिसा, नवे पत्ते, दोन महिने गेले. म्हणून मुलीकडून एक रुपयाही नको असला, तरी तिची परिस्थिती अर्जात स्वच्छ लिहिलेली बरी. सुनावणीत ते आपण सांगितलेलं असावं, समोरच्याने उघडकीला आणलेलं नसावं.

अर्ज प्रांत कार्यालयात, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडे जातो. या कायद्याखालचं न्यायाधिकरण तिथेच बसतं. उपविभागीय अधिकाऱ्यापेक्षा खालच्या दर्जाचा अधिकारी या न्यायाधिकरणाचं काम पाहू शकत नाही. ज्येष्ठ सध्या राहतात तो जिल्हा, आधी राहत होते तो, किंवा मुलं राहतात तो, यांपैकी कुठेही अर्ज करता येतो. अर्जदाराला स्वतःला जमत नसेल तर त्याने अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था करू शकते. स्वयंसेवी संस्थेला इथे दार उघडं आहे, पण अधिकारपत्रावर सही किंवा अंगठा हवा. न्यायाधिकरण स्वतःहूनही दखल घेऊ शकतं. नोटीस बजावल्यापासून नव्वद दिवसांत निकाल, आणि फारच अपवाद असेल तर एकदाच तीस दिवस वाढ, असं कायदा म्हणतो.

"बजावल्यापासून" या शब्दात सगळी मेख आहे. नव्वद दिवस अर्ज दिल्याच्या तारखेपासून मोजायचे नसतात. मुलाचा पत्ता "हिंजवडीला कंपनीत आहे" एवढाच असेल, तर नोटीस फिरून परत येते आणि मुदत सुरूच होत नाही. पत्त्यात फ्लॅट क्रमांक, इमारत, पिन कोड, कामाच्या ठिकाणाचा पत्ता, दोन मोबाइल नंबर एवढं असलंच पाहिजे. अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नये. "ठेवून जा, साहेब बघतील" म्हणून ठेवून गेलेला अर्ज कुणीच बघत नाही. शिवाय प्रांतसाहेबांकडे जमीन महसूल आहे, भूसंपादन आहे, दाखले आहेत, निवडणूक आहे, पूर आहे. त्यात ज्येष्ठांची सुनावणी आठवड्यातून एखाद्या वारी बसवलेली असते आणि तो वार कोणता, हे कार्यालयातल्या लिपिकाला ठाऊक असतं. स्वयंसेवकालाही ठाऊक असायला हवा. तारखेच्या आदल्या दुपारी एक फोन करून साहेब आहेत की दौऱ्यावर, एवढं विचारलं तरी ऐंशी वर्षांच्या माणसाची एक खेप वाचते. मला विचाराल तर या कामातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोठी मदत हीच.

भत्त्याची कमाल मर्यादा महिना १०,००० रुपये. राज्याने ठरवायची, पण त्यावर नाही. ही मर्यादा काढण्याची तरतूद असलेलं विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं, पण त्याचा कायदा झाला नाही. मुलगा चांगला कमावता असेल आणि डायलिसिससारखा खर्च असेल, तर दुसरा रस्ता पाहावा लागतो: भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४, म्हणजे जुन्या फौजदारी संहितेचं १२५. तिथे रकमेला कमाल नाही, पण वेळ जास्त लागतो. दोन्हीकडे एकाच वेळी मागता येत नाही, हे सुरुवातीलाच सांगून निवड त्यांना करू द्यावी. बहुतेक जण लवकर मिळणारे कमी पैसे निवडतात, आणि त्यात काही चूक नाही. अंतरिम भत्ता, म्हणजे निकाल लागेपर्यंतचा, मात्र पहिल्याच अर्जात मागून ठेवावा. तो मागायचाच राहून जातो, हे फार वेळा होतं.

वकिलाचं काय? २००७ च्या कायद्याचं कलम १७ सांगतं, कोणत्याही पक्षाला वकील देता येणार नाही. केरळ उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये हे कलम वकील कायद्याशी विसंगत ठरवलं. प्रत्यक्षात कार्यालयागणिक अनुभव वेगळा येतो. कायद्याने एक निर्वाह अधिकारीही ठेवला आहे, समाजकल्याण खात्याचा. अर्जदाराची इच्छा असेल तर त्याने त्यांच्या वतीने उभं राहायचं असतं. हे पद आहे हेच अनेकांना माहीत नसतं. लेखी मागणी केली की ते जागं होतं.

सुनावणीआधी प्रकरण समेट अधिकाऱ्याकडे जाऊ शकतं. त्याला महिनाभराची मुदत असते. इथे बरीच प्रकरणं मिटतात आणि त्यातली बरीच पुन्हा उघडतात, कारण तडजोडीत लिहिलेलं असतं: "मुलगा आई-वडिलांचा नीट सांभाळ करील." नीट म्हणजे किती? तडजोड अशी लिहावी की तिसऱ्या माणसाने वाचली तरी पाळली की मोडली ते सांगता यावं. दर महिन्याच्या ५ तारखेपर्यंत अमुक रुपये, अमुक खात्यात. औषधं वेगळी, बिलाप्रमाणे, अमुक दुकानात उधार खातं. झोपायला आतली खोली, दाराला आतून कडी. मोबाइलचं रिचार्ज. नातवंडांना भेटायला रविवार. शेवटचा मुद्दा न्यायाधिकरणाच्या कक्षेत येतो की नाही हा वाद बाजूला ठेवा. आजीच्या लेखी तोच पहिला असतो, आणि तो लिहिला नाही तर बाकीच्या चार मुद्द्यांवर ती सही करत नाही. आणि एक: आदेश मोडला तर वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून तीन महिन्यांत करायचा. थकवणाऱ्याला महिनाभरापर्यंत, किंवा त्याआधी पैसे भरले तर तोवर, कैद होऊ शकते. पण "अजून एक महिना वाट बघू, तोही अडचणीत असेल" असं म्हणत तीन महिने उलटतात. म्हणून फायलीवर देय तारखा लाल पेनाने लिहून ठेवायच्या. ज्येष्ठांनी विसरलं तर चालेल, फायलीने विसरता कामा नये.

आता तळाच्या कागदाकडे येऊ. "नावावर करून दिलं" हे वाक्य रोज ऐकू येतं, आणि त्याचे निदान चार अर्थ होतात. मृत्युपत्र केलं, बक्षीसपत्र केलं, हक्कसोडपत्र केलं, किंवा सोसायटीत मुलाचं नाव नॉमिनी म्हणून लावलं. सांगणाऱ्याच्या मनात चारही सारखेच असतात. कायद्यात त्यांच्यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. मृत्युपत्र माणूस असेपर्यंत केव्हाही बदलता येतं. ते साध्या कागदावर चालतं, मुद्रांक लागत नाही, नोंदणी ऐच्छिक, साक्षीदार मात्र दोन हवेतच. साक्षीदार निवडतानाही एक गोष्ट हमखास चुकते: माणूस आपल्याच वयाचे दोन मित्र आणतो. पुढे मृत्युपत्र सिद्ध करायची वेळ येते तेव्हा तिघेही गेलेले असतात. साक्षीदार आपल्यापेक्षा वीस वर्षांनी लहान असावा, आणि मिळकतीत त्याचा वाटा नसावा. नॉमिनी हा मालक नव्हे, हे दहा वेळा सांगावं लागतं. हक्कसोडपत्राने आपला हिस्सा गेला तो गेलाच.

आणि बक्षीसपत्र, म्हणजे हयातीतच मालकी देऊन टाकणं. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातवंडं किंवा वारलेल्या मुलाची बायको यांना बक्षीस दिली, तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये. अधिभार, नोंदणी फी वेगळी, पण विक्रीच्या मानाने खर्च कमीच. सवलत चांगल्या हेतूने दिलेली आहे. तिचा एक परिणाम असा, की घरातल्या घरात कोणीतरी हिशोब करतं: "बाबा, मृत्युपत्रावर पुढे भांडणं होतात. बक्षीसपत्रच करू, दोनशे रुपयांत काम होतं." दुय्यम निबंधकाकडे अंगठा, फोटो, दोन साक्षीदार, अर्ध्या तासात घर गेलं. मृत्युपत्र आणि बक्षीसपत्र यांतला फरक या अर्ध्या तासाच्या आधी कोणी समजावला असता, तर पिशवी घेऊन येणाऱ्यांपैकी कितीतरी जण घरीच राहिले असते.

गेलेलं घर परत मिळतं का? २००७ च्या कायद्याचं कलम २३ सांगतं, की मालमत्ता देताना मूलभूत सोयी आणि गरजा पुरवण्याची अट असेल आणि घेणाऱ्याने ती पाळली नाही, तर ते हस्तांतरण फसवणुकीने झालं असं मानून न्यायाधिकरण रद्द करू शकतं. सगळं त्या अटीवर येऊन अडतं. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की अशी अट होती हे सिद्ध व्हायला हवं; प्रेमाने दिलं म्हणजे अट गृहीत धरता येत नाही. २ जानेवारी २०२५ च्या निकालात त्याच न्यायालयाने कायदा ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे वाचावा असं म्हटलं, आईने दिलेलं बक्षीसपत्र रद्द केलं आणि न्यायाधिकरण ताबाही परत देववू शकतं हे स्पष्ट केलं. पण त्या प्रकरणातही, आईचा हयातभर सांभाळ करीन असं मुलाने लिहून दिल्याचा कागद होता. तेव्हा पिशवीत शोधायचा तो कागद हा: बक्षीसपत्रातलं "सांभाळ करण्याच्या अटीवर" हे एखादं वाक्य, त्याच दिवशीचं वचनपत्र, निदान व्हॉट्सॲपवर "घर माझ्या नावावर करा, मी शेवटपर्यंत बघतो" असा निरोप. बक्षीसपत्राची प्रत नसेल तर इंडेक्स टूवरून, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्ताच्या सूची-उताऱ्यावरून, दस्त क्रमांक काढून दुय्यम निबंधकाकडे नक्कल मागायची. दस्त वाचताना शेवटची दोन पानं आधी वाचावीत. लिहिणाऱ्याच्या साच्यात हयातभर राहण्याच्या हक्काचं एखादं कलम आलेलं असतं आणि कुणाच्याच लक्षात आलेलं नसतं.

अजून दस्त झालेला नसेल, तर काम फार सोपं. पहिला सल्ला: देऊ नका, मृत्युपत्र करा. ऐकत नसतील तर बक्षीसपत्रात तीन गोष्टी घाला: सांभाळाची अट नावानिशी, दोघांपैकी मागे राहणाऱ्यालाही हयातभर राहण्याचा हक्क, आणि अट मोडल्यास कलम २३ लागू होईल हे शब्द. सही करण्याआधी मुलगा यावर नाराज झाला, तर त्या नाराजीतून बरंच काही कळतं.

इथे एक खबरदारी. घर खाली करून मागणाऱ्या अर्जामागे खरंच ज्येष्ठ आहेत का, हे तपासावं. वडिलांच्या सहीने एका मुलाने दुसऱ्याला बाहेर काढणं, किंवा मुलगा भाड्याच्या घरात निघून जातो आणि सासू-सासऱ्यांच्या अर्जाने सुनेला घराबाहेर घालतो, हे प्रकार होतात. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे, की ज्येष्ठांच्या कायद्याची झटपट प्रक्रिया वापरून कौटुंबिक हिंसाचार कायद्याने सुनेला मिळालेला निवासाचा हक्क पुसता येणार नाही. दोन्ही कायदे एकत्र वाचायचे. तोच कौटुंबिक हिंसाचार कायदा मारहाण सोसणाऱ्या आजीलाही उपयोगी पडतो, हे मात्र सल्ला देणारे विसरतात. तिच्यासाठी तो कित्येकदा जास्त नेमका असतो.

बाकी पिशवीतली किरकोळ कामं पटपट उरकतात, पण ती केली पाहिजेत. हयातीचा दाखला नोव्हेंबरात. बोटांचे ठसे उमटत नसतील तर चेहऱ्यावरून जीवन प्रमाण, म्हणजे डिजिटल हयातीचा दाखला, होतं. श्रावणबाळ योजनेचा तहसील कार्यालयातला अर्ज बहुधा वयाच्या पुराव्यावर अडतो, कारण आधारवर नुसतं जन्मवर्ष असतं. फेरफाराची, म्हणजे जमिनीच्या नोंदीतल्या बदलाची, नोटीस न उघडता पिशवीत पडलेली असेल तर आधी तारीख बघावी. हरकतीची मुदत पंधरा दिवसांची असते. मुखत्यारपत्रावर विसंबून कुटुंब बेफिकीर असतं, पण देणाऱ्याचं मानसिक भान गेलं की साधं मुखत्यारपत्र संपतं. स्मृतिभ्रंशाचं निदान झालं त्याच आठवड्यात कागद करायला हवेत, वर्षभराने नव्हे. मोफत वकील हवा असेल तर विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे बाईला उत्पन्नाची अट नाही. पुरुषाला, तो दुसऱ्या कुठल्या गटात बसत नसेल तर, राज्याने ठरवलेल्या उत्पन्न मर्यादेचा दाखला लागतो. नवरा-बायको दोघं आले असतील तर अर्ज कुणाच्या नावाने घालायचा, हे त्यावरून ठरवता येतं. फोनवर विचारायचं असेल तर विधी सेवेचा १५१०० आणि ज्येष्ठांसाठीचा १४५६७ हे दोन क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत हवेत.

या सगळ्यातून पोट भरेल असं करिअर होतं का, हा प्रश्न कायद्याची मुलं विचारतात, जरा लाजत. लाजू नये. सुरुवात विधी स्वयंसेवक म्हणून करता येते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण किंवा तालुका समितीकडे अर्ज, निवड, प्रशिक्षण, ओळखपत्र. साधारण दहावी झालेली असावी. निवृत्त शिक्षक, निवृत्त कर्मचारी, अंगणवाडी सेविका, समाजकार्याचे विद्यार्थी चालतात. कायद्याचे विद्यार्थी वकिलीची सनद मिळेपर्यंत. कामाच्या दिवसाचं मानधन मिळतं, त्यावर घर चालत नाही. अशिलाकडून चहासुद्धा घेऊ नये, आणि कुठल्या ठरावीक वकिलाकडे माणसं पाठवू नयेत. हा रस्ता दलालीकडे जातो आणि फार हळू जातो, म्हणून कळत नाही.

किती वेळ द्यायचा? आठवड्यातला एक दिवस, पण ठरलेला. म्हाताऱ्यांना नाव लक्षात राहत नाही, "मंगळवारच्या मॅडम" लक्षात राहतात. सुट्टीत तीन आठवडे उत्साहाने येऊन गायब होणाऱ्याने फाइल हाती घेऊ नये. एक प्रकरण नीट चाललं तरी सहा महिने खातं. तेवढं थांबायचं नसेल तर टिपणं लिहावीत, दस्तांच्या नकला आणाव्यात. तीही कामं खरीच आहेत.

सनद काढायची तर जुलै २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर नोंदणी शुल्क सर्वसाधारण गटाला ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही. त्यानंतर अखिल भारतीय बार परीक्षा. आणि मग तो नियम, जो संस्थेत नोकरी धरणाऱ्या अनेकांना उशिरा कळतो: वकिली करणाऱ्याला पूर्णवेळ पगारी नोकर होता येत नाही. संस्थेने महिन्याच्या पगारावर पूर्णवेळ घेतलं तर बार कौन्सिलला कळवून वकिली थांबवावी लागते. त्यामुळे दोन वाटा फुटतात. एक, पगारावर प्रकल्प समन्वयक, प्रशिक्षक, समुपदेशक. कोर्टात उभं राहायचं नाही. दुसरी, स्वतंत्र वकिली आणि संस्थेशी कामापुरता करार. साधारण तीन वर्षांच्या अनुभवानंतर विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलांच्या पॅनेलवर अर्ज करता येतो. तिथली फी कमी आणि मिळते उशिरा. पण ज्येष्ठांच्या कामातून दस्त वाचायची, महसुली नोंदी लावायची, मृत्युपत्रं आणि वारस दाखल्यांची जी तयारी होते, तिला बाजारात दाम आहे. ज्यांना परवडतं त्यांचे दस्त करून ज्यांना परवडत नाही त्यांची प्रकरणं चालवणारे वकील याच हिशोबावर टिकतात. देणगीवरची नोकरी घेताना एकच गोष्ट विचारून घ्यावी: प्रकल्पाचा निधी कधी संपतो? आणि संपला तर उघड्या फायली कुणाकडे जाणार? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नसलेली संस्था टाळावी.

अवघड भाग वेगळाच आहे. टिपण झालं, अर्ज टाइप झाला, शिक्का घेतला आणि पहिल्या तारखेच्या आदल्या दिवशी आजीचा फोन येतो: "राहू दे ग पोरी, घेऊन टाक मागे." रागावू नये. दबाव आहे का, एवढं पाहावं: फोन कुणाच्या मोबाइलवरून आहे, बोलताना मागे कोण आहे, दोन दिवसांनी केंद्रात येऊन हेच सांगाल का? आल्या आणि शांतपणे तेच म्हणाल्या, तर अर्ज मागे घ्यायचा. तो त्यांचा निर्णय आहे. फाइल मात्र बंद करायची नाही. "स्थगित" लिहून, महिन्याने फोन करण्याची तारीख घालून ठेवायची. काही जणी तीन वेळा मागे घेतात आणि चौथ्यांदा उभ्या राहतात. एक अपवाद: सोडून दिलेलं असेल, म्हणजे देवळाच्या आवारात, बस स्टँडवर, इस्पितळात नेऊन टाकलेलं असेल, तर २००७ च्याच कायद्याच्या कलम २४ खाली तो दखलपात्र गुन्हा आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तिथे आधी पोलिस ठाणं, टिपण नंतर.

काही फायली अशाही बंद होतात की तारखेच्या आदल्या दिवशी फोन उचलणारा वेगळाच असतो. अशा वेळी पुढच्या तारखेला जाऊन मृत्यूची नोंद द्यायची, आणि मूळ कागद आपल्याकडे अजिबात नाहीत याची खात्री असलेली बरी. म्हणूनच पहिल्या भेटीच्या शेवटी, कितीही गर्दी असली तरी, एवढं करायचं: झेरॉक्स आपल्याकडे, मूळ कागद मोजून यादीनिशी परत, यादीवर त्यांची सही किंवा अंगठा, एक प्रत त्यांना. नातवाचा फोटो चुकून फायलीला टाचला गेला असेल तर काढून द्यायचा. तळाचा कागद वेगळ्या प्लास्टिकच्या पाकिटात घालून पिशवीत सगळ्यात वर ठेवायचा, आणि पुढची तारीख बाहेरच्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवायची.